पाव फुगायच्या आधी राजीनामा नको

पत्र

मी ३६ वर्षांची. पुण्यात एका आरोग्यविमा कंपनीत क्लेम विभागात आहे. एकूण नोकरी १३ वर्षांची, तीन कंपन्या झाल्या, या कंपनीत ४ वर्षे ५ महिने. दिवसभर दुसऱ्यांच्या आजारपणाच्या फायली वाचायच्या आणि कुठले कलम लावून पैसे कापता येतील ते शोधायचे. संध्याकाळी घरी आले की कुणाशी बोलावेसे वाटत नाही. चार वर्षांपासून दर रविवारी ब्रेड करते. गव्हाचा ब्रेड, लादी पाव, कधी मिल्क ब्रेड. सोसायटीत सगळे म्हणतात, ‘तू बेकरीच काढ.’ माझ्या हातात ६२,००० येतात (मूळ पगार ३२,०००), नवऱ्याच्या ४८,०००. घराचा हप्ता २४,५००, तो धरून महिन्याचा खर्च ७८,०००. मुलगी आठ वर्षांची. शिल्लक साडेसहा लाख, पीएफ वेगळा. मेडिक्लेम तिघांचा माझ्याच कंपनीतून. सासूबाई म्हणतात, चांगली बसलेली घडी कशाला मोडतेस. येत्या दिवाळीनंतर राजीनामा द्यावा असे मनात आहे. मोठा ओव्हन कुठला घ्यावा तेही सांगा.
— घुसमटलेली, पुणे

उत्तर

ताई, नमस्कार.

ओव्हनचे शेवटी बोलू. नोकरी सोडावी की नाही, याला आमचे उत्तर ‘सोडा’ असेच आहे. पण दिवाळीनंतर नको. अजून सात महिने थांबा, आणि ते महिने नुसते ढकलायचे नाहीत, त्यांत काम करायचे आहे. सात का, ते आधी सांगतो, कारण त्यात सरळ पैशांचा प्रश्न आहे.

तुम्ही सोडल्यावर नवऱ्याच्या पगारातून खर्च वजा केला तर दरमहा ३०,००० कमी पडतात. मेडिक्लेम आता स्वतःचा काढावा लागेल, त्याचे तिघांचे २,५०० धरा. म्हणजे खड्डा ३२,५०० चा. साडेसहा लाखांतले तीन महिन्यांच्या खर्चाचे २ लाख ४० हजार बाजूला काढा. त्यांना हात लावायचा नाही, ते आजारपण आणि नवऱ्याच्या नोकरीवर संकट आले तर. यंत्रे, भांडी, शिकणे, परवाने यांचे दीड लाख. उरले २ लाख ६० हजार. त्याला ३२,५०० ने भागा: आठ महिने. घरगुती बेकरीतून स्वतःला दरमहा ठरावीक पगार काढता यायला साधारण वर्ष-दीड वर्ष धरावे. आठ महिन्यांनी तुम्ही कर्ज काढाल किंवा घाबरून मिळेल ती नोकरी धराल, आणि ती आताच्यापेक्षा वाईट असेल.

सात महिन्यांनी या कंपनीत पाच वर्षे पूर्ण होतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे सलग सेवेबद्दल नोकरी सोडताना कंपनीने द्यायची रक्कम, तिथे लागू होते. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तोही) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. तुमच्या बाबतीत साधारण ९२,३०० रुपये. शिवाय सध्या दोघांच्या पगारातून खर्च जाऊन ३२,००० उरतात. त्यातले २५,००० जरी ठेवले तरी सात महिन्यांत पावणेदोन लाख. आता बेरीज करा: २ लाख ६०, अधिक ९२, अधिक १ लाख ७५ हजार. ३२,५०० ने भागल्यावर सोळा महिने येतात. सात महिने थांबल्याने हातातली मुदत दुप्पट होते.

यात एक खोच आहे आणि तिथे बरेच जण फसतात. तुमचा नोटीस पिरियड बहुधा ९० दिवसांचा असेल. ‘पाच वर्षे पुरी होतील अशा बेताने चार महिन्यांनी राजीनामा देऊ’ असा हिशेब करू नका. राजीनामा हाती पडल्यावर कंपनी नोटिशीचा पगार देऊन दुसऱ्याच आठवड्यात मोकळे करू शकते. मग सेवा पावणेपाच वर्षांवर थांबते आणि ग्रॅच्युइटीवरून पत्रापत्री सुरू होते. ‘४ वर्षे २४० दिवस झाले की मिळते’ असे कुणीतरी सांगेल. तसे न्यायालयीन निकाल आहेत, पण प्रत्येक कंपनी ते आपणहून मानतेच असे नाही, आणि नव्वद हजारांसाठी वकील करण्यात अर्थ नाही. रुजू झाल्याच्या तारखेपासून पाच वर्षे पूर्ण होऊ द्या, वर एक आठवडा जाऊ द्या, मग मेल पाठवा. वार्षिक बोनस कधी जमा होतो आणि तो घेऊन लगेच गेल्यास परत मागतात का, हे नेमणूक पत्रात बघून ठेवा.

आता पत्रातले एक वाक्य. ‘कुठले कलम लावून पैसे कापता येतील ते शोधायचे.’ कामाचा कंटाळा वेगळा आणि हा त्रास वेगळा. कंटाळा असता तर तुम्ही वेळ, प्रवास, साहेब यांबद्दल लिहिले असते. या एकाच गोष्टीने तुमची संध्याकाळ खाल्ली आहे. म्हणून बेकरी हे त्याचे औषध आहे की नुसती सुटका आहे, हे तपासायला हवे. तीन आठवडे एक वही ठेवा. रोज रात्री दोनच ओळी: आज कुठला तास नकोसा झाला, कुठला तास कधी गेला ते कळले नाही. नकोसे तास सगळे फाइल नाकारण्याचेच निघाले, तर याच कंपनीत प्रशिक्षण किंवा तक्रार निवारण विभागात बदली मागा. मिळाली तर सात महिने सुसह्य जातील, नाही मिळाली तर काही बिघडत नाही. पुढे बेकरीला जोड लागली तर मेडिक्लेमची कागदपत्रे नीट भरून देण्याचे, नाकारलेल्या दाव्यावर फेरविचाराचा अर्ज लिहून देण्याचे काम तुम्ही करू शकता. हे ज्ञान गल्लीत कुणाकडे नसते, आणि त्यात तुम्ही पेशंटच्या बाजूने असाल. मात्र हे नोकरी सुटल्यावर. आत असताना केले तर हितसंबंधांचा प्रश्न येतो.

नोकरीत असताना ब्रेड विकायचा का? नेमणूक पत्रातले दुसऱ्या कामधंद्याबद्दलचे कलम आधी वाचा. बहुतेक ठिकाणी लेखी परवानगी घेऊन करता येते. एचआरला एक साधा मेल टाका: शनिवार-रविवारी घरी खाद्यपदार्थ करून विकते, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नाही. उत्तर जपून ठेवा. परवानगी नाही म्हणाले तर विक्री नको, पण सराव, हिशेब आणि शिकणे कुणी थांबवत नाही.

परवानगी मिळाली तर बारा शनिवार द्या. रविवारी सकाळी निवांत एक ब्रेड करणे आणि ठरल्या वेळी वीस ब्रेड हातावेगळे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यातला आनंद दुसऱ्यात उरतो का, तेच बघायचे आहे. पहिले चार शनिवार बारा ब्रेड, पुढे वीस. एकच प्रकार, गव्हाचा. ऑर्डर गुरुवारी रात्री बंद. पैसे आगाऊ. गिऱ्हाईक स्वतःच्या सोसायटीतले नको, शेजारच्या दोन सोसायट्यांतले धरा. सोसायटीतले ‘बेकरीच काढ’ म्हणतात ते फुकट मिळालेला ब्रेड खाऊन म्हणतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. पहिल्या दिवसापासून खरा भाव लावा. ओळखीत ८० ला दिलेला ब्रेड पुन्हा कधी ११० ला जात नाही.

भाव कसा काढायचा, एका ब्रेडचे बघू. आकडे तुमच्या दुकानाप्रमाणे बदला, रीत हीच. ५०० ग्रॅमचा गोळा, त्यात पीठ २८० ग्रॅम. पीठ, लोणी, दूध पावडर, यीस्ट, साखर, मीठ मिळून ३० रुपये. ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) एका वेळी दोन ब्रेड, तापवण्यासकट चाळीस मिनिटे, दोघांत मिळून साधारण एक युनिट वीज, म्हणजे ब्रेडमागे सहा रुपये. पिशवी आणि लेबल सहा. झाले ४२. पोचवायचे १५. दहातला एक बसतो, जळतो किंवा विकला जात नाही, त्याचे आठ. ११० ला विकला तर हातात ४५ उरतात. मेडिक्लेमचे २,५०० बाजूला ठेवून घरातला ३०,००० चा खड्डा भरायला महिन्याला ६६७ ब्रेड, पंचवीस दिवस धरले तर रोज २७. म्हणजे रोज साडेसात किलो पीठ मळणे. आणि ओटीजी २७ ब्रेडना चौदा फेऱ्या घेणार, सव्वानऊ तास. इथे घरचा ओटीजी संपतो. गाळा घेतलात आणि भाडे १५,००० असले तर आणखी ३३३ ब्रेड केवळ भाड्यासाठी. म्हणून पहिल्या वर्षी गाळा नाही. सोसायटीकडून लेखी ना-हरकत घ्या आणि घरातूनच करा.

त्या २७ ब्रेडसाठी पीठ पहाटे मळावे लागते, नाहीतर रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवावे लागते. साठलेल्या रजेतले आठ-दहा दिवस काढून चालत्या बेकरीत उभ्या राहा, पगार मागू नका. तिथे काम पहाटे तीन-चारला सुरू होते, पाय दुखतात, मनगट भरून येते, आणि एकच पदार्थ दोनशे वेळा करायचा असतो. दहाव्या दिवशीही पहाटे उठवले तर पुढचे बोलू. नुसत्या क्लासने हे कळत नाही. रीतसर शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये बेकर आणि कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये (अन्न तंत्रज्ञानाच्या सरकारी संशोधन संस्थेत) बेकिंगचे छोटे अभ्यासक्रम होतात. तिथे ‘का’ शिकवतात, ते महत्त्वाचे.

‘का’ कळले नाही तर एप्रिलमध्ये रडायची पाळी येते. जानेवारीत उत्तम होणारा तोच ब्रेड उन्हाळ्यात आंबट, पसरट, वरून खचलेला निघतो, आणि माणूस यीस्टला दोष देतो. खरे कारण मळलेल्या पिठाचे तापमान. ते २६ अंशांच्या आसपास हवे. हाताने मळताना पाण्याचे तापमान असे काढतात: २६ गुणिले ३, म्हणजे ७८, त्यातून कोरड्या पिठाचे तापमान वजा, खोलीचे वजा, मळण्याने वाढणारे तीनेक अंश वजा. मे महिन्यात पीठ ३४, खोली ३६, तर पाणी ५ अंशांचे, म्हणजे चक्क फ्रिजमधले. डिसेंबरच्या सकाळी दोन्ही २० असतील तर पाणी ३५, कोमट. यंत्राने मळलेत तर वाढ जास्त, ती स्वतः मोजून लिहून ठेवायची. पावसाळ्यात दुसरी अडचण, बुरशी. ब्रेड कोमट असताना कापला आणि पिशवीत घातला की आतल्या वाफेचे पाणी होते, तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके दिसतात. जाळीवर दोन-तीन तास, पूर्ण गार होईपर्यंत, पिशवी बंद करायची नाही. गिऱ्हाईक गरम मागते, तरी नाही.

बारा आठवड्यांच्या वहीत पाच रकाने असू द्या: किती केले, किती विकले, किती परत आले, किती वाया गेले, आणि गेल्या आठवड्याचेच गिऱ्हाईक किती. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. शेवटच्या चार शनिवारी निम्म्याहून जास्त ऑर्डरी तुम्ही आठवण न करता जुन्या गिऱ्हाइकांकडून आल्या, तर धंदा आहे. दर आठवड्याला नवी माणसे शोधावी लागत असतील तर ब्रेडमध्ये किंवा भावात काहीतरी चुकते आहे, ते आधी शोधा. नोकरी सुटल्यावर शोधायला बसू नका.

विक्रीआधी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी, घरातून करत असलात तरी. त्यांच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर अर्ज होतो, छोट्या उलाढालीची नोंदणी स्वस्त आणि सोपी आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर, सोबत घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावा, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, आणि गहू व दूध आहे हा उल्लेख. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती ‘करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला घालवून द्या. सेवा न देता नुसता माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर लागते, त्याची चिंता आज नको. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कॅफेंना माल देणार असाल तर उधारी ठरवून घ्या. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात मागे लागावे लागते, म्हणून सुरुवातीला एकाच कॅफेला द्या आणि आठवड्याचा आठवड्याला हिशेब ठेवा.

राजीनाम्याच्या आधीचे कागद. यातली बहुतेक कामे एचआर फोन उचलते आहे तोवरच होतात.

पीएफ आधी. तीन कंपन्यांचे सदस्य क्रमांक एकाच यूएएनखाली (नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकाखाली) आहेत का, जुन्या दोन्ही खात्यांतली रक्कम चालू खात्यात वर्ग झाली का, जुन्या कंपन्यांनी नोकरी सोडल्याची तारीख भरली का. आणि नाव. लग्नाआधी पहिली नोकरी लागली असेल तर यूएएनवर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, हा घोळ हमखास असतो. दुरुस्तीला कंपनीची मंजुरी लागू शकते, सोडल्यावर महिनोन्‌महिने जातात. पासबुकात पेन्शनचा रकाना बघा. पेन्शन योजनेतली सेवा दहा वर्षांवर असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे. पीएफ काढून बेकरीत घालू नका. वरच्या हिशेबात तो मुद्दामच धरलेला नाही. नोकरी सुटली म्हणून त्यावरचे व्याज लगेच थांबत नाही.

मेडिक्लेमचे आम्ही तुम्हाला काय सांगणार, पण दुसऱ्यांच्या फायली बघणारी माणसे स्वतःची विसरतात. समूह विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि प्रतीक्षा काळाची (ठरावीक आजारांचा दावा मिळण्याआधी थांबावे लागते त्या मुदतीची) झालेली वर्षे धरली जातात, पण अर्ज निदान दीड महिना आधी टाका. एक दिवसाचीही फट पडू देऊ नका. आयुर्विम्याचा टर्म प्लॅनही आताच घ्या. पगाराची स्लिप असताना जे सोपे असते ते धंद्यात दोन-तीन वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांशिवाय मिळत नाही. गृहकर्जाचा व्याजदर कमी करून घ्यायचा तर तोही आताच. बँकेत अर्ज केला की काही हजार रुपये शुल्कात दर खाली येतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसते. पर्सनल लोन मात्र ‘आता मिळते आहे’ म्हणून घेऊन ठेवू नका.

नोटीस पिरियडमध्ये मन गेलेले असते, पण रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र, पगारातून कापलेल्या कराचा दाखला आणि शेवटचा हिशेब घेतल्याशिवाय पाठ फिरवू नका. परत यायची वेळ आली तर तेच कामाला येईल. पैसे हाती यायला महिना-दीड महिना लागतो असे धरून चला.

सासूबाईंना पटवायला जाऊ नका. नवऱ्याबरोबर मात्र एक कागद लिहा, दोघांच्या सह्यांचा: कुठल्या महिन्यापर्यंत, शिल्लक किती उरेपर्यंत चालवायचे, आणि तिथे पोचल्यावर काय करायचे. उदाहरणार्थ, दहाव्या महिन्याअखेर बेकरीतून दरमहा १५,००० निघत नसतील तर अर्धवेळ काम शोधायचे, आणि शिल्लक तीन महिन्यांच्या राखीव रकमेला टेकायच्या आत पूर्णवेळ नोकरीचे अर्ज सुरू. हा कागद सासूबाईंनाही दाखवा. त्यांची भीती खर्चाची आहे, ब्रेडची नाही.

आता ओव्हन. आज कुठलाच नको. बारा शनिवार असलेल्या ओटीजीवर काढा, फक्त आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर, पिठात खुपसायचा थर्मामीटर आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. ओटीजीची डायल २०० दाखवते तेव्हा आत बऱ्याचदा वीस-तीस अंशांचा फरक निघतो, हे पहिल्याच दिवशी कळेल. रोजचे पंधरा ब्रेड नियमित विकले जाऊ लागले की दोन ट्रेचा डेक ओव्हन (बेकरीत असतो तसा सपाट तळाचा मोठा ओव्हन) बघा. त्यात एका वेळी डझनभर बसतात, म्हणजे २७ चे काम तीन फेऱ्यांत. विजेचा घ्यायचा तर आधी मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घेता येते ते, विचारा, घरगुती सिंगल फेजवर तो बहुधा पेलणार नाही. गॅसचा घेतला तर व्यावसायिक सिलिंडर आणि हवा खेळती राहील अशी जागा लागेल. कर्जावर अनुदानाची पीएमईजीपीसारखी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) योजना चालू असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा, पण लक्षात घ्या, त्यातली अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत अडकून राहते आणि हप्ते तुम्हाला पहिल्यापासून भरावे लागतात. मळायचे यंत्र ओव्हनच्या आधी घ्या. साडेसात किलो पीठ रोज हाताने मळून मनगट गेले तर नवा ओव्हन असून उपयोग नाही.